दोन अली आदिलशहा आणि सोलापूरचा भुईकोट

भाची शाळेच्या सहलीला विजापूरला जाऊन आली. सोलापूरहून जेमतेम शंभर किलोमीटर, भीमा ओलांडली की कर्नाटक, त्यामुळे आपल्याकडच्या पोरांची पहिली सहल बहुतेक तिकडेच जाते. आल्यावर तिनं वही दाखवली. त्यात तीन वाक्यं होती. अली आदिलशहाने चांदबिबीशी लग्न केले. अली आदिलशहाने अफजलखानाला शिवाजी महाराजांवर पाठवले. बारा कमान ही अली आदिलशहाची कबर आहे.

सुटं सुटं वाचलं तर तिन्ही वाक्यं खरी आहेत. पण सलग वाचली की एकाच माणसाची गोष्ट तयार होते, आणि तसा माणूस कधी झालाच नाही. चांदबिबीचा नवरा १५८० साली मारला गेला. प्रतापगडाखाली अफजलखान पडला तो १० नोव्हेंबर १६५९ ला. मध्ये जवळजवळ ऐंशी वर्षं आहेत.

यात पोरीची चूक नाही. आपल्या बोलण्यात 'आदिलशहा' म्हणजे जणू एकच माणूस, दीडशे-दोनशे वर्षं तख्तावर बसलेला. खरं तर ते नऊ जण होते: युसूफ, इस्माईल, मल्लू, इब्राहिम, अली, पुन्हा इब्राहिम, मुहम्मद, पुन्हा अली आणि शेवटचा सिकंदर. 'पहिला' आणि 'दुसरा' हे आकडे इतिहासकारांनी नंतर लावले. त्या काळच्या कागदावर नुसतं 'अली आदिलशहा' एवढंच असतं.

"मामा, मग दोघांतला आपला कुठला ओ?" भाचीनं विचारलं. आपला म्हणजे सोलापूरचा. प्रश्न मला फार आवडला, कारण या दोघांना वेगळं ओळखायची सगळ्यात पक्की खूण आपल्या गावातच उभी आहे. सिद्धेश्वर तलावाला लागून असलेला भुईकोट किल्ला एका अलीनं मिळवला आणि दुसऱ्या अलीनं सोडून दिला.

आधी मिळवणारा. पहिला अली १५५८ ला गादीवर आला तेव्हा सोलापूर अहमदनगरच्या निजामशहाकडे होतं, आणि विजापूरकरांच्या मनात ते सलत होतं. या किल्ल्याचं भांडण जुनं होतं. १५२४ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचं, मरियमचं, बुऱ्हाण निजामशहाशी लग्न लागलं, तेही इथं सोलापुरातच. तेव्हा विजापूरकरांनी हा किल्ला आंदण द्यायचं कबूल केलं होतं. दिला मात्र नाही. त्यावरून सोयऱ्या-सोयऱ्यांत लढाया जुंपल्या आणि पुढची कितीतरी वर्षं तटाखालची माती रक्तानं भिजत राहिली.

पहिल्या अलीनं सोलापूर आणि कल्याणी हे किल्ले मिळवण्यासाठी विजयनगरच्या रामरायाचा हात धरला. हा माणूस धाडसी होता. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा मोजके लोक बरोबर घेऊन तो स्वतः विजयनगरला सांत्वनाला गेला, आणि रामरायाच्या बायकोनं त्याला मुलगा मानलं, असं इतिहासकार फिरिश्ता लिहून ठेवतो. पण पुढे रामराया फार जड व्हायला लागला, आणि ज्या निजामशहाशी हाडवैर होतं त्याच्याशीच सोयरीक करायची वेळ आली. हुसेन निजामशहाची लेक चांदबिबी विजापूरला आली, अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला दिली गेली. आणि चांदबिबीबरोबर आंदण म्हणून आलं सोलापूर. चाळीस वर्षांपूर्वी जो किल्ला विजापूरनं द्यायचा राहिला होता, तोच आता अहमदनगरनं विजापूरला दिला. त्यानंतर जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची, म्हणजे राक्षसतागडीची लढाई झाली आणि रामराया मारला गेला. विजयनगर ज्या सोयरिकीनं बुडवलं, त्या सोयरिकीच्या याद्यांत आपल्या गावाचं नाव होतं. तलावाच्या बाजूनं तट बघत चालताना माझ्या मनात दर वेळी हेच येतं.

विजापूरचा गगनमहाल याच अलीचा, १५६१ चा. जामा मशिदीचं कामही त्यानंच सुरू केलं, आणि चांदबिबीच्या नावाची चांद बावडी १५७९ ची. त्याला मूलबाळ नव्हतं. तो गेल्यावर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि कारभार चांदबिबीनं पाहिला. १५९५-९६ मध्ये मोगलांपासून अहमदनगर लढवणारी चांदबिबी हीच.

आता दुसरा. त्याच्या आणि पहिल्याच्या मधल्या काळात सोलापूर विजापूरकडेच राहिलं असंही नाही. भातवडीच्या १६२४ च्या लढाईनंतर निजामशाहीच्या मलिक अंबरनं ते घेतलं, आणि निजामशाही बुडाल्यावर १६३६ च्या तहात ते पुन्हा विजापूरकडे आलं. त्या वेळी गादीवर मुहम्मद होता, गोलघुमटवाला.

त्याच्यानंतर १६५६ मध्ये दुसरा अली आला. वय अठराच्या आसपास. त्याला वाढवलं ते बडी बेगमनं, म्हणजे मुहम्मदाच्या राणीनं; ती गोवळकोंड्याची. तो मुहम्मदाचा खरा मुलगा नाहीच, असं निमित्त काढून औरंगजेब दुसऱ्याच वर्षी चालून आला आणि बीदर, कल्याणी घेऊन बसला. इकडे शिवाजी महाराज. म्हणजे आपण शाळेत शिकलो ते जवळपास सगळं याच अलीच्या अमलातलं: अफजलखानाची स्वारी, कान्होजी जेध्यांना खानाला मिळायला सांगणारं जून १६५९ चं फर्मान, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा, जुलै १६६० ची पावनखिंड. मराठी पुस्तकात 'अली आदिलशहा' दिसला आणि आसपास महाराज असतील, तर तो दुसराच.

पण या दुसऱ्याला नुसता हरलेला सुलतान म्हणणं मला पटत नाही. १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर आला तेव्हा यानं शहराभोवतीचा मुलूख स्वतःच उजाड करून ठेवला, विहिरी निकामी केल्या, आणि जयसिंगाला दाणापाण्यावाचून माघारी फिरायला लावलं. शिवाय तो स्वतः दखनीत कविता करायचा, 'शाही' या नावानं. त्याच्या दरबारी नुसरती होता. नुसरतीचं 'अलीनामा' हे काव्यही याच अलीवर आहे. पहिल्यावर आहे असं समजून बोलणारे लोक मला भेटले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि १६६८. औरंगजेबाशी तह झाला. त्यात दुसऱ्या अलीनं सोलापूरचा किल्ला आणि त्याबरोबर १ लाख ८० हजार होन (सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख मोगलांना देऊन टाकला. विजापूर वाचवायला त्यानं सोलापूर दिलं, मी तरी याचा अर्थ असाच लावतो. त्यानंतर विजापूर अठरा वर्षं टिकलं, १६८६ पर्यंत. गावाच्या बाजूनं पाहिलं तर वाईट वाटतं. गादीच्या बाजूनं पाहिलं तर त्याच्या हातात दुसरं काय होतं?

कबरीचा घोळ त्याहून मोठा आहे, कारण दोघांच्या कबरींचं नाव एकच, अली रोजा. पहिल्या अलीचा रोजा साधा आहे, बसमधून सहसा कुणी तिथं उतरत नाही. दुसऱ्याच्या रोजाला आज आपण बारा कमान म्हणतो. काळ्या दगडाच्या उघड्या कमानी, वर छप्पर नाही, काम १६७२ मध्ये त्याच्या मरणाबरोबर थांबलेलं. तिथं हमखास एक गोष्ट ऐकवतात: ही इमारत इतकी उंच होणार होती की तिची सावली गोलघुमटावर पडली असती, म्हणून बापानंच अलीला मारवलं. ऐकायला झकास आहे, पण बाप १६५६ लाच वारला होता, आणि अली त्यानंतर सोळा वर्षं राज्य करून गेला.

कुणाच्या घरी जुनं फर्मान असेल, किंवा 'सुलतान अली आदिलशहा' अशी अक्षरं असलेली लारी, ती चांदीच्या तारेची दुमडलेली नाणी, हाती आली, तर नावावरून काहीच ठरत नाही. साल बघायचं. पहिल्या अलीची सगळी हिजरी सालं तीन आकडी आहेत, ९६५ ते ९८८. दुसऱ्याची चार आकडी, १०६७ ते १०८३. आकडा अर्धवट पुसला असला तरी किती अंकांची जागा आहे एवढं कळलं तरी पुरतं. आपल्या मोडी कागदांत सुहूर सन, ही त्या काळची वेगळी कालगणना, शब्दांत लिहितात, तिथंही हीच युक्ती चालते. शेवटी 'तिसा मया' असेल तर नऊशे, म्हणजे पहिला. 'अलफ' असेल तर हजार, म्हणजे दुसरा. सुहूर सन हिजरीपेक्षा थोडा मागे चालतो, पण या दोघांच्या बाबतीत त्यानं फरक पडत नाही.

हे सगळं ऐकून भाचीनं वहीतल्या पहिल्या वाक्यात 'अली'च्या आधी बारीक अक्षरात 'पहिल्या' लिहिलं, खालच्या दोन्हींत 'दुसऱ्या'. मग पान उलटलं. तिथं इब्राहिम रोजाचं चित्र चिकटवलेलं होतं.

"मामा, हा इब्राहिम कितवा?"

"दुसरा," मी म्हणालो. "चांदबिबीनं वाढवला तो."