अबोध मन म्हणजे इदम् नव्हे

स्पर्धा परीक्षेसाठी मानसशास्त्र घेतलेल्या सदाशिव पेठेतल्या मुलांच्या वह्यांत ‘अबोध मन = इदम्’ हे समीकरण बरेचदा दिसतं. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. इदम् म्हणजे मनातला ताबडतोब सुख मागणारा भाग. तो संपूर्ण अबोध, म्हणजे जाणिवेबाहेर असतो, हे बरोबर. पण जे जे अबोध ते सगळं इदम्, असं नाही.

1900 सालच्या स्वप्नांवरच्या ग्रंथात मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने मनाचे बोध, बोधपूर्व आणि अबोध असे भाग मांडले. तिथे प्रश्न एवढाच : गोष्ट जाणिवेत आहे का, नसेल तर आणता येते का? शाळेतल्या बाईंचं नाव विचारल्यावर आठवतं, ते बोधपूर्व. दमन झालेली इच्छा मात्र आठवायला बसून हाती लागत नाही; तिला अडवून धरलेलं असतं. 1923 मध्ये इदम्, अहम्, पराहम् आले आणि प्रश्न बदलला : हे काम मनातलं कोण करतंय? ताबडतोब सुख मागणारं इदम्, वास्तवाशी जुळवून घेणारा अहम्, आईवडिलांच्या आज्ञा-मनाई आत मुरून तयार झालेला पराहम्.

ही दुसरी मांडणी लागली कशाला? उपचारात रुग्ण एखाद्या विषयाजवळ आला की अडखळे, गप्प होई, आणि आपण टाळतोय हे त्यालाच ठाऊक नसे. टाळणं हे इदम्‌चं काम नव्हे, त्याला तर बाहेर यायचंच असतं. अडवतो अहम्, आणि तोही नकळत. काही रुग्ण बरं वाटू लागलं की उलट बिघडत. त्यामागे फ्रॉइडला अबोध अपराधभाव दिसला, म्हणजे पराहम्‌चा हात. 1933 मध्ये तर त्याने ‘अबोध’ हे मनाच्या कप्प्याचं नाव म्हणून वापरणं सोडलं. गुणधर्म म्हणून तेवढं ठेवलं.

समजा, वडिलांचं तुळशीबागेत दुकान आणि मुलगा हिंजवडीत नोकरीला. ऑफिसचं एकही काम न विसरणारा हा मुलगा वडिलांची औषधं दर महिन्याला विसरतो. बढती मिळाली की लगेच स्वतःचंच काहीतरी नुकसान करून घेतो. वडिलांवरचा राग इदम्‌मधला. तो जाणवू नये म्हणून दमन करतो अहम्. शिक्षा देतो पराहम्. तिन्ही गोष्टी अबोध, पण इदम्‌ची त्यातली एकच. (एकदा विसरला म्हणून लगेच एवढं अनुमान काढू नये. त्याच माणसाबाबत तेच पुन्हा पुन्हा घडतंय का, ते आधी पाहावं. कधी कधी कारण नुसती चांदणी चौकातली कोंडीही असते.)

हा फरक न कळलेला नवखा समुपदेशक ‘तुमचा वडिलांवर राग आहे’ असं सांगून मोकळा होतो. समोरचा ‘छे, अजिबात नाही’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो; दमन शाबूत असतं. आधी टाळण्याची तऱ्हा दाखवावी : ‘बाबांचा विषय निघाला की तुम्ही पगाराबद्दल बोलायला लागता.’ मग टाळल्याने कशापासून सुटका होते ते. रागाचं सगळ्यात शेवटी.

आकृती काढताना बोध, बोधपूर्व, अबोध असे तीन पट्टे आखा आणि इदम् पूर्ण अबोध पट्ट्यात ठेवा. अहम् आणि पराहम् मात्र तिन्ही पट्ट्यांतून उभे जाऊ द्या. दमन, नकार (घडलेलं मानायलाच तयार नसणं), प्रक्षेपण (आपली भावना दुसऱ्याच्या माथी मारणं) या संरक्षण यंत्रणा, म्हणजे नको ते जाणिवेबाहेर ठेवण्याच्या मनाच्या युक्त्या, अहम्‌च्या अबोध भागात लिहा. त्या इदम्‌मध्ये टाकल्या की अडवणारा आणि अडलेला एकच ठरतो, आणि संघर्ष कुणाचा कुणाशी हे उत्तरात सांगताच येत नाही.