हॉर्न, रेबेका

(२४ मार्च १९४४ – ६ सप्टेंबर २०२४). जर्मन शिल्पकार, परफॉर्मन्स (देहाच्या प्रत्यक्ष कृतीतून साकारणाऱ्या कलेच्या) कलावती व चित्रपट-दिग्दर्शिका. जन्म हेसे राज्यातील मिशेलश्टाट येथे. हँबर्गच्या कला अकादमीत शिकत असताना, १९६४ च्या सुमारास, पॉलिएस्टर व काचतंतूंची शिल्पे करताना तोंडावर काहीही न बांधल्याने विषारी वाफा छातीत गेल्या, फुप्फुसांना गंभीर इजा झाली आणि सुमारे वर्षभर त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. अंथरुणावर पडल्यापडल्या रंगीत पेन्सिलींनी रेखाटने करणे आणि कापड शिवणे एवढेच शक्य होते. पट्टे, बंद, बँडेज, पिसे असे हलके, अंगाला लपेटता येणारे साहित्य त्यांच्या कलेत आले ते या आजारपणातून.

त्यातून सिद्ध झालेली ‘शरीर-विस्तार’ शिल्पे अंगावर चढवायची असतात. कोणी ती घालून वावरल्याशिवाय ती पुरी होत नाहीत. ‘आइनहॉर्न’ (१९७०–७२) म्हणजे एकशिंगी प्राणी. हॉर्न या आडनावाचा अर्थही शिंग, ही कोटी अर्थातच जाणूनबुजून केलेली आहे. या कृतीत एक उंच तरुणी डोक्यावर लांब शिंग बांधून आणि उघड्या अंगावर त्याच शिंगाला आधार देणारे पांढरे पट्टे आवळून पहाटे रान व शेत तुडवत चालत जाते. शिंगाचा तोल सांभाळायचा म्हणून मान ताठ ठेवावी लागते आणि चालीला आपोआप एक राजस संथपणा येतो. ‘पेन्सिल मास्क’मध्ये (१९७२) चेहऱ्याभोवतीच्या पट्ट्यांवर पेन्सिली टोके बाहेर करून बसवल्या आहेत, भिंतीसमोर डोके डावीउजवीकडे हलवले की भिंतीवर रेघोट्यांचे जाळे उमटते. त्याच वर्षीच्या ‘फिंगर ग्लोव्ह्ज’मध्ये बोटे इतकी लांबवली आहेत की जमिनीवरची वस्तू न वाकता उचलता येते. वस्तू हाताला लागते खरी, पण हात तिच्यापासून दूरच राहतो. स्पर्श आणि अंतर यांचा हा तिढा हेच हॉर्न यांच्या कलेचे मर्म मानावे लागेल.

हे प्रयोग आज पाहायला मिळतात ते मुख्यतः चित्रफितींमुळे. मात्र ही चित्रफीत निव्वळ नोंद नव्हे. कॅमेरा कुठे उभा राहणार हे ठरवूनच हालचाली बेतलेल्या दिसतात. १९७२ साली जर्मनीतील कासेल येथे भरणाऱ्या समकालीन कलेच्या पाचव्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात सहभागी झाल्यानंतर त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि पुढे ‘डेर आइनटेन्त्सर’ (१९७८), ‘ला फेर्दिनांदा’ (१९८१) व ‘बस्टर्स बेडरूम’ (१९९०) हे कथापट त्यांनी केले.

ऐंशीच्या दशकापासून माणसाच्या देहाची जागा यंत्रांनी घेतली. ‘कॉन्सर्ट फॉर अनार्की’मध्ये (१९९०) छताला उलटा टांगलेला ग्रँड पियानो मधूनच झाकण उघडतो, पट्ट्या जिभांसारख्या बाहेर फेकतो, कर्कश खणखणाट करतो आणि काही वेळाने पुन्हा स्वतःला मिटून घेतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) जिथे कैद्यांना ठार केले, त्या म्युन्स्टरमधील बुरुजात १९८७ साली केलेल्या मांडणशिल्पात (सगळ्या जागेलाच कलाकृती बनवणाऱ्या रचनेत) भिंतींवर छोटे हातोडे ठोके देत राहतात आणि वरून थेंब थेंब पाणी पडते.

बर्लिनच्या कला विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. २०१० साली त्यांना जपानचा ‘प्रेमियम इम्पेरियाले’ हा कलाक्षेत्रातील सन्मान मिळाला. हेसेच्या ओडनवाल्ड या डोंगराळ भागातील बाड क्योनिग येथे, कुटुंबाच्या जुन्या कापड कारखान्याच्या आवारात, त्यांनी स्वतःच्या कलाकृतींचे संग्रहालय उभारले. तेथेच त्यांचे निधन झाले.