डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसचे तेल बदलणे

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या पलीकडे तेलाच्या आणखी तीन पेट्या असतात: पुढचे डिफरन्शियल, मागचे डिफरन्शियल (डिफरन्शियल म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद देऊन वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) आणि या दोघांना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केस. या तिन्हींतले जुने तेल काढून नवे भरणे हे घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी दोन-तीन तासांत होणारे काम आहे. इंजिन ऑइलच्या मानाने ते फार कमी वेळा करावे लागते आणि म्हणूनच विसरले जाते. बहुतेक गाड्यांत या पेट्यांना डिपस्टिक नसते, फिल्टर नसतो, डॅशबोर्डवर इशारा देणारा दिवाही नसतो. झिजून निघालेला प्रत्येक कण आणि आत शिरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब पुढचे तेल बदलेपर्यंत आतच फिरत राहतो.

गॅरेजमध्ये डिफरन्शियलला ‘क्राउन’ आणि त्यातल्या तेलाला ‘नव्वद नंबर’ म्हणण्याची पद्धत आहे. बोलायला ते ठीक, पण तेल विकत घेताना तेवढ्यावर भागत नाही.

तेलाची निवड

डिफरन्शियलमधले क्राउन (मोठे दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारे लहान चक्र) बहुधा हायपॉइड पद्धतीचे असतात. त्यात पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापासून बाजूला सरकवलेला असतो. पॅकार्डने १९२०च्या दशकात ही रचना मोटारीत आणली. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, खाली घेता आला, दात मोठे आणि मजबूत झाले; मात्र दात एकमेकांवर लोळण्याबरोबर घासूही लागले. या घासण्याच्या दाबाखाली साध्या तेलाचा थर फाटतो. म्हणून हायपॉइड तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घालतात. ती तापलेल्या पोलादावर पातळ संरक्षक थर धरतात. गिअर ऑइलचा उग्र वास या गंधकाचा. डिफरन्शियलसाठी लागणारा दर्जा आहे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, म्हणजे एपीआयचा, जीएल-५.

हेच तेल मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र सरसकट घालू नये. गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना जीएल-५ मधली जास्तीची रसायने मानवत नाहीत, आणि तिथे उत्पादक सहसा जीएल-४ सांगतो. ट्रान्स्फर केस या दोन्हींच्या मधली. ती नुसत्या गिअरची असेल तर गिअर ऑइल, साखळीची असेल तर अनेकदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ लाल तेल, म्हणजे एटीएफ. जुन्या जीप रँग्लरमधली एनपी-२३१ ही साखळीची ट्रान्स्फर केस एटीएफवर चालते, तर मारुती जिप्सीची गिअरची ट्रान्स्फर केस गिअर ऑइलवर. टोयोटाच्या अलीकडच्या काही गाड्यांना ७५डब्ल्यू ग्रेडचे (ग्रेड म्हणजे जाडीचे माप) खास ट्रान्स्फर ऑइल लागते. त्यामुळे ‘तिन्हीकडे एकच तेल’ हा सल्ला मॅन्युअल पाहिल्याशिवाय मानू नये.

ग्रेडचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ९० नंबरचे गिअर ऑइल जाडीला साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढेच असते. महाराष्ट्र-गोव्याच्या हवेत ८०डब्ल्यू-९० वर्षभर चालते. जुन्या जीपमध्ये आवाज दबावा म्हणून ८५डब्ल्यू-१४० घालण्याची सवय आहे. घुंईऽ असा आवाज त्याने कमी होतोही, पण झिजलेले बेअरिंग झिजलेलेच राहते. शिवाय जाड तेल सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत पिनियनच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते. आवाजाचे कारण शोधणे हाच खरा उपाय.

लिमिटेड-स्लिप किंवा यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल (एकच चाक नुसते घसरून फिरू न देणारे) असेल, जसे महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागे असते, तर आतल्या क्लच प्लेटांना ठरावीक घर्षणाचे तेल लागते. चुकीच्या तेलाने वळणावर मागून कडकड आवाज येतो. उत्पादक सांगतो तेच तेल घालावे, स्वतःहून त्यात काही मिसळू नये.

किती आणि केव्हा

सुझुकीच्या एसजे-४१३ म्हणजे समुराई घराण्यात, ज्यातून आपली जिप्सी आली, पुढच्या डिफरन्शियलला सुमारे २ लिटर, मागच्याला दीड लिटर आणि ट्रान्स्फर केसला ०.८ लिटर तेल लागते. बेरीज ४.३ लिटर होते. सांडलवंड धरून ५ लिटर आणावे. ट्रान्स्फर केसचा दर्जा वेगळा असेल तर १ लिटर निराळे. मोठ्या एसयूव्हीत मागचे डिफरन्शियल याहून बरेच जास्त तेल घेते, म्हणून आकडा आपल्या मॉडेलचाच पाहावा.

बऱ्याच गाड्यांसाठी ४०,००० किमीच्या आसपासची मुदत योग्य ठरते. ओझे ओढणारी, घाटात राबणारी, पावसाळ्यात सह्याद्रीतले ओढे ओलांडणारी गाडी असेल तर ती निम्म्यावर आणावी. चाकाच्या मध्याच्या, म्हणजे हबच्या वर पाणी आलेल्या प्रवासानंतर किलोमीटर मोजत बसू नये, त्याच आठवड्यात प्लग (पेटीच्या भोकाचे बूच) उघडून पाहावे. किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात चाके गेली असतील तर दुसऱ्याच दिवशी. खारे पाणी बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठावर गंजाचे खड्डे पाडते आणि ते नंतर कोणत्याही तेलाने भरून निघत नाहीत.

पाणी आत जाते ते बहुधा ब्रीदरमुळे, म्हणजे पेटीला हवा ये-जा करू देणाऱ्या छोट्या तोंडामुळे. धावताना डिफरन्शियल तापते, आतली हवा फुगून ब्रीदरमधून बाहेर पडते. तीच तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की हवा आकसते आणि बाहेरून जे मिळेल ते आत ओढते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर आत ओढण्याची वाट ऑइल सीलची (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या कड्याची) असते. उलट गरम होताना त्याच सीलमधून तेल बाहेर ढकलले जाते. सील वारंवार गळत असेल तर नवे बसवण्याआधी ब्रीदर फुंकून पाहावा. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेणे हा स्वस्त आणि टिकाऊ बंदोबस्त आहे.

तयारी

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी. कोमट तेल लवकर उतरते आणि तळाचा गाळ सोबत आणते. मग ती अगदी सपाट जागी उभी करावी. भरण्याच्या प्लगचे भोक हीच तेलाची पातळी मोजायची खूण असल्यामुळे, गाडी एका बाजूने कललेली असेल तर मोजमापच चुकते. बहुतेक फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांखाली न उचलताही शिरता येते, आणि तसे शिरता येत असेल तर उचलू नये. उचलावीच लागली तर चारही बाजूंना सारखी उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये.

चाकांना पुढून-मागून उटी (अटकावाचे दगड किंवा ठोकळे) लावावी, आणि यामागचे कारण नीट समजून घ्यावे. जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक उचलले की शाफ्ट जागच्या जागी राहतो, पण डिफरन्शियलमुळे हवेतले चाक उलटे फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळे करते. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही जीप सरकते. गाडी नुसती गिअरमध्ये ठेवल्यावरही हेच घडते. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये राहिली असेल तर गिअर किंवा ‘पार्क’ या दोन्हींचा उपयोग शून्य.

हत्यारांत सर्वात महत्त्वाचे म्हणजे प्लगच्या मापाचे सॉकेट. टोयोटाच्या हायलक्स-प्राडो कुळात मागच्या डिफरन्शियलला आणि ट्रान्स्फर केसला २४ मिमी सॉकेट, तर पुढच्या डिफरन्शियलला १० मिमी एलन (षटकोनी) चावी बसते. काही जीपच्या प्लगला चौकोनी खाच असते. आखूड पाना आणि ढिला सॉकेट यांनी कोपरे गोल होतात आणि अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांचे होते. याशिवाय टॉर्क रेंच, नवे वॉशर, तारेचा ब्रश, पसरट भांडे, चिंध्या आणि तेल ढकलण्यासाठी हातपंप किंवा नळी लावलेली मोठी सिरिंज लागते.

कृती

आधी भरण्याचा प्लग सोडवावा, मगच खालचा. या कामातला हा एक नियम कधीही मोडू नये. खालचा प्लग काढून तेल वाहून गेले आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर रिकामी पेटी घेऊन गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. प्लगभोवतीचा चिखल आधी ब्रशने काढावा, नाहीतर तो आत पडतो. अडकलेल्या प्लगवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी हातोडीचे दोन-चार सरळ ठोके द्यावेत, किंचित आवळून पाहावे आणि मग लांब दांड्याने एकसारखा जोर लावावा. झटके देऊ नयेत.

वरचा प्लग निघाला की तेल उतरवावे. शेवटी थेंब पडायला लागल्यावरही पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. जुन्या काही ॲक्सलना (डिफरन्शियल आणि चाकांचे दांडे सामावणाऱ्या आडव्या हाउसिंगला) खाली प्लगच नसतो. तिथे मागचे झाकण काढावे लागते. सगळे बोल्ट ढिले करून वरचे दोन तसेच ठेवावे आणि झाकण खालून उचकटावे, म्हणजे तेल अंगावर येत नाही. दोन्ही पृष्ठे पूर्ण कोरडी व स्वच्छ करून सिलिकोनची अखंड रेघ प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने फिरवावी, बोल्ट समोरासमोर आवळावेत आणि पाकिटावर लिहिलेला वेळ सिलिकोन वाळू द्यावे. घाईने तेल भरले की ते पहिल्याच दिवशी पाझरते. झाकण काढण्याचा फायदा मात्र मोठा आहे: क्राउनचे दात डोळ्यांनी पाहता येतात.

खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटले आहे ते बोटांनी चोळून पाहावे. राखाडी, मऊ लगदा म्हणजे नेहमीची झीज. बोटाला टोचणारी चकती, सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कण म्हणजे बेअरिंग किंवा गिअर तुटू लागले आहे, आणि तेल बदलून ते थांबणार नाही. तेलात सोनेरी चमक दिसली तर पितळी किंवा कांस्य भाग झिजतो आहे. दुधाळ चहासारखा रंग म्हणजे पाणी.

पाणी निघाले असेल तर एकदा बदलणे पुरत नाही, कारण ॲक्सलच्या लांब नळ्यांत ते साचून राहते. योग्य दर्जाचे स्वस्त तेल भरून गाडी थोडी चालवावी, ते उतरवावे आणि मगच चांगले तेल घालावे. रॉकेल किंवा डिझेलने धुऊ नये. तेही त्याच नळ्यांत उरते आणि नवे तेल पातळ करते.

प्लग पुसून नवा वॉशर घालून बसवावा. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, त्याच्या आट्यांना सीलंट लावतात. ॲक्सलचे हाउसिंग लोखंडी असते, पण ट्रान्स्फर केसचे शरीर बहुधा ॲल्युमिनियमचे, आणि तिथले आटे जोराच्या एका ओढीत निघून येतात. वर सांगितलेल्या टोयोटा कुळात अनेक ठिकाणी मागच्या डिफरन्शियलच्या प्लगला ४९ न्यूटन-मीटर, तर ट्रान्स्फर केसच्या प्लगला ३७ न्यूटन-मीटर टॉर्क सांगितला आहे.

नवे तेल वरच्या भोकातून, ते भोकाच्या खालच्या कडेवरून ओघळू लागेपर्यंत भरावे. पाच मिनिटे थांबून पुन्हा थोडे घालावे, कारण जाड तेल नळ्यांत सावकाश पसरते. किती गेले ते बाटलीवर पाहून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडावे. दीड लिटरच्या जागी एकच लिटर घेऊन तेल ओघळले तर गाडी सपाट उभी नाही किंवा जुने तेल पुरते उतरलेले नाही. ‘थोडे जास्त बरे’ म्हणून गाडी तिरकी करून जादा भरणे घातक आहे. क्राउन तेल घुसळून फेस करतो, फेस ब्रीदरमधून वर येतो किंवा ॲक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रमवर जातो. कमी भरले तर पहिला बळी पिनियनच्या पुढच्या बेअरिंगचा, कारण त्याला क्राउनने उडवलेल्या तेलावरच जगावे लागते.

नंतरची तपासणी

मऊ मातीत किंवा वाळूत गाडी फोर-हाय आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या वेगवान आणि संथ गिअरमध्ये) थोडी चालवावी. पार्ट-टाइम पद्धतीची, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडायची गाडी कोरड्या डांबरावर या गिअरमध्ये चालवू नये. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सुटायला जागा मिळत नाही आणि ट्रान्स्फर केसवर पीळ बसतो. शंभर किमीनंतर प्लगभोवती ओल आहे का ते पाहावे.

काही गळती प्लगपाशी दिसत नाही. जिप्सी आणि जुन्या जीपच्या पुढच्या ॲक्सलमध्ये आतले सील फाटले की डिफरन्शियलचे तेल स्टिअरिंगच्या गोळ्यात (चाक वळते त्या ग्रीस भरलेल्या सांध्यात) जाते, तिथले ग्रीस पातळ होते आणि काळपट रबडी चाकाच्या आतून ठिबकते. डिफरन्शियलची पातळी उतरत असेल आणि खाली डाग नसेल तर इथे पाहावे. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एकातले तेल दुसऱ्यात उतरते. एकीकडे पातळी कमी आणि दुसरीकडे उघडल्याबरोबर जादा तेल बाहेर, असे आढळले तर कारण मधल्या सीलमध्ये आहे.

उतरवलेले तेल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजला द्यावे. भारतात २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल येते. ते गटारात, शेताच्या बांधावर किंवा वाळवीसाठी लाकडाला लावायला वापरू नये. एटीएफ आणि गिअर ऑइल एका डब्यात चालते, पण त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळले की तो डबा पुनर्प्रक्रियेला घेतला जात नाही. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि चुंबकावर काय दिसले हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी लगदा वाढला की कमी झाला, हे त्याशिवाय कळत नाही.