पुणे–दुबई विमानाचा धूर कुणाच्या खात्यात? विमानप्रवासाच्या कार्बन हिशेबाची पार्श्वभूमी

लोहगावहून दुबईला निघालेल्या विमानात इंधन पुण्यात भरलं जातं आणि त्यातलं बरंचसं अरबी समुद्रावर जळतं. एक किलो जेट इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे रसायनशास्त्र पक्कं आहे. तो कार्बन कोणत्या देशाच्या हिशेबात धरायचा, हे मात्र तीस वर्षं चर्चा होऊनही ठरलेलं नाही. विमानांच्या प्रदूषणावर आज जी धोरणं आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा आकार या न सुटलेल्या प्रश्नाने ठरवला आहे.

लोहगावचा तळ १९३९ सालचा, लष्करी. नागरी वाहतूक त्याच धावपट्टीवर नंतर आली आणि आजही हवाई दलाच्या वेळा सांभाळूनच चालते. तळ उभा राहिला तेव्हा विमानाच्या धुराचा विचार जगात कुणीच करत नव्हतं. १९४४ च्या शिकागो करारात एक कलम आलं: परदेशातून येणाऱ्या विमानाच्या टाकीत असलेल्या इंधनावर उतरणाऱ्या देशाने शुल्क लावायचं नाही. पुढे देशादेशांतल्या द्विपक्षीय करारांनी ही सवलत तिथे भरल्या जाणाऱ्या इंधनापर्यंत वाढवली. युद्धानंतर आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक उभी राहावी हा त्यामागचा हेतू होता. हेतू कधीच साधला, सवलत राहिली. सत्तरच्या दशकात तक्रार होती ती आवाजाची. जागतिक ध्वनिमानकं १९७१ ची आहेत. ध्वनीपेक्षा वेगवान विमानांमुळे ओझोनला धोका आहे का, यावरही त्या काळात वाद झाला. तापमानवाढ या चर्चेत आली ती त्यानंतर.

खरी गुंतागुंत १९९० च्या दशकात सुरू झाली, आणि ती ‘आंतरराष्ट्रीय’ या एका शब्दाभोवती. प्रत्येक देशाने आपलं उत्सर्जन मोजावं असं ठरलं, तेव्हा पुणे–दिल्ली विमानाचा प्रश्न सोपा होता: ते भारताच्या खात्यात. पुणे–दुबईचं काय? वाटपाचे आठ पर्याय कागदावर मांडले गेले. इंधन जिथे विकलं त्या देशाकडे, विमान कंपनी ज्या देशाची त्याच्याकडे, उड्डाण आणि उतरण्याच्या देशांत विभागून, प्रवासी ज्या देशाचे त्यांच्याकडे, असे ते पर्याय. प्रत्येक पर्यायात कुणाचं तरी नुकसान होतं. दुबई, सिंगापूर यांसारखी शहरं जगाला इंधन भरून देतात. पहिला पर्याय त्यांना परवडणारा नव्हता. एकमत झालं नाही. म्हणून १९९७ च्या क्योटो करारात विकसित देशांना सांगितलं गेलं की या धुरावर माँट्रियलमधल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेमार्फत उपाय शोधा. देश आपापल्या अहवालात हा आकडा लिहितात, पण वेगळ्या ओळीत. देशाच्या बेरजेत तो धरला जात नाही. २०१५ च्या पॅरिस करारात तर विमानवाहतुकीचा उल्लेखच नाही.

या वेगळ्या ओळीमुळे जे झालं ते साधं आहे. घरातल्या एखाद्या खर्चाची वही निराळी ठेवली आणि महिनाअखेर ती कुणी उघडलीच नाही, तर तो खर्च वाढणारच. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांच्या जागतिक मंडळाने विमानवाहतूक आणि वातावरण यांवर खास अहवाल काढला. मानवी कृतींमुळे होणाऱ्या तापमानवाढीच्या परिणामात १९९२ साली विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असल्याचा अंदाज त्यात होता. कार्बन डायऑक्साइडपुरतं पाहिलं तर आजही हा वाटा अडीच टक्क्यांच्या घरात आहे. उंचावर विमानामागे राहणारे बर्फकणांचे पट्टे आणि नायट्रोजन ऑक्साइड धरले की तो वाढतो. या दुसऱ्या भागावर कोणत्याही जागतिक करारात अजून बंधन नाही.

युरोपने २०१२ पासून आपल्या कार्बन बाजारात, म्हणजे धूर सोडण्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री होते त्या व्यवस्थेत, विमानांना घेतलं. नियम असा की युरोपात उतरणाऱ्या किंवा तिथून उडणाऱ्या विमानाने पूर्ण प्रवासाच्या कार्बनचे परवाने जमा करायचे. म्हणजे मुंबई–लंडन विमानाने भारतीय आकाशात सोडलेल्या धुराचाही हिशेब युरोपला द्यायचा. सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीत आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉस्कोत विरोधक देश एकत्र आले. भारताने आपल्या कंपन्यांना उत्सर्जनाची माहिती देऊ नका असं सांगितलं. युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये हा नियम वैध ठरवला होता, तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपबाहेरच्या उड्डाणांपुरती माघार जाहीर झाली.

भारताची भूमिका त्या वेळी आपल्याकडे स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून मांडली गेली, आणि तिच्यात तथ्य होतं. वातावरणात साठलेला विमानांचा धूर मुख्यतः श्रीमंत देशांतल्या प्रवाशांचा आहे. आत्ता कुठे पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या सोलापूरच्या किंवा बीडच्या माणसाकडून त्याची वसुली करणं अन्यायाचं आहे. ‘जबाबदारी समान, पण वाटा वेगवेगळा’ हे तत्त्व इथे लागू होतंच. पण त्या विजयानंतर हाती काय आलं, हेही पाहायला हवं.

हाती आली ती ‘कोर्सिया’ योजना, माँट्रियलच्या त्याच संघटनेत ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजूर झालेली. ती उत्सर्जनावर मर्यादा घालत नाही. एका आधाररेषेच्या वर जितका धूर जाईल, तितक्याची भरपाई कंपन्यांनी इतरत्र कार्बन कपातीची युनिटं विकत घेऊन करायची. सगळा भार आधाररेषेवर. ती २०१९ आणि २०२० या दोन वर्षांच्या सरासरीवर ठरणार होती.

मग महासाथ आली. २०१९ चा धूर १०० मानू आणि २०२० चा समजा ४०. सरासरी ७०. समजा एखाद्या पुढच्या वर्षी धूर ९० झाला, तर २० ची भरपाई करावी लागली असती. जून २०२० मध्ये संघटनेच्या ३६ देशांच्या परिषदेने ठरवलं की २०२१ ते २०२३ च्या चाचणी टप्प्यासाठी फक्त २०१९ धरायचं. आधाररेषा झाली १००. ९० धूर म्हणजे भरपाई शून्य. आणि तसंच झालं: २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत या योजनेखाली एकाही कंपनीला भरपाई करावी लागली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुढची तडजोड झाली, २०२४ पासून २०१९ च्या ८५ टक्के. आपल्या उदाहरणात, ९० धुरावर भरपाई ५.

बंद पडलेल्या कंपन्यांना दिलासा हवा होता, हे समजण्यासारखं आहे. माझ्या मते तरी तो मदत म्हणून उघडपणे द्यायला हवा होता. मोजपट्टीच बदलली की नंतर कुणी प्रगती केली आणि कुणी नाही हे कळायचा मार्ग राहत नाही. कोर्सियावरच्या बातम्यांमध्ये ‘निव्वळ शून्य २०५०’ हे शब्द मोठ्या अक्षरांत येतात, आधाररेषेचं वाक्य क्वचित येतं. निर्णय मात्र त्या वाक्यात असतो.

कोर्सियाचे २०२१ ते २०२६ हे टप्पे ऐच्छिक आहेत आणि भारत त्यांत सामील झाला नाही. दोन्ही टोकांचे देश सामील असतील तरच मार्ग योजनेत धरला जातो. संयुक्त अरब अमिराती सामील आहे, भारत नाही. म्हणून पुणे–दुबईच्या धुराची नोंद होते, भरपाई होत नाही. मोठ्या वाहतुकीच्या देशांसाठी २०२७ पासून योजना बंधनकारक आहे, त्यात भारत येतो.

पुण्याचं स्वतःचं नाव या इतिहासात आलं ते १९ मे २०२३ ला. त्या दिवशी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी शाश्वत इंधन, म्हणजे खनिज तेलाऐवजी वनस्पती किंवा टाकाऊ पदार्थांपासून केलेलं इंधन, मिसळलेलं होतं, एक टक्क्यापर्यंत. इंधन बनवलं होतं पुण्यातल्याच एका कंपनीने. साखर पट्ट्याला यात मोठी संधी दिसते: मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून जेट इंधन. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाची सूचक उद्दिष्टं केंद्राने जाहीर केली आहेत.

अडचण अशी की इंधन किती ‘शाश्वत’ हे पुन्हा हिशेबावर ठरतं. मळी हा कारखान्याचा टाकाऊ पदार्थ मानला तर उसाचं पाणी, खत आणि जमीन तिच्या खात्यात येत नाही; उसाचाच भाग मानली तर येते. कोर्सियात साध्या इंधनापेक्षा किमान दहा टक्के कमी उत्सर्जन पुरेसं आहे. युरोपच्या मिश्रणसक्तीत, जी २०२५ मध्ये २ टक्क्यांनी सुरू झाली, अन्नपिकांपासूनचं इंधन चालत नाही. आणि ऊस काही हमखास नसतो. पाऊस कमी झालेल्या २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले. पेट्रोलमधल्या वीस टक्के मिश्रणालाही तेच इथेनॉल हवं आहे. उजनीचं पाणी कुठल्या तालुक्याला किती यावरून दरवर्षी होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना विमानाची टाकी हा त्या पाण्याचा नवा वाटेकरी वाटणं स्वाभाविक आहे.

२०२३ च्याच राज्य अर्थसंकल्पात पुणे, मुंबई आणि रायगडमध्ये विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्के झाला. बंगळुरू आणि गोव्याच्या बरोबरीला यावं, हे कारण होतं. देशांतर्गत इंधनावरचा हा कर पर्यावरणासाठी कधीच नव्हता, तिजोरीसाठी होता. तरी धुरावर किंमत लावणारं दुसरं साधन आपल्याकडे नसल्याने तेच काम तो नकळत करत होता, आणि ही कपात झाली तेव्हा या बाजूने कुणी फारसं बोललं नाही.

लोहगावचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुलं झालं. पुढच्या विमानतळासाठी पुरंदर तालुक्यातली पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात गावं निवडली आहेत. २०२५ मध्ये मोजणीवरून तिथे संघर्षही झाला. ‘हरित विमानतळ’ हा शब्द अशा प्रकल्पांच्या कागदांत नेहमी येतो. कोचीचा विमानतळ २०१५ पासून पूर्ण सौरऊर्जेवर चालतो, हे खरं यश आहे. पण ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणताना विमानतळ आपली वीज आणि आपली वाहनं मोजतो, तिथून उडालेल्या विमानांचा प्रवास नाही. अंजीर आणि सीताफळाच्या बागा ज्यांच्या जाणार आहेत त्यांच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या कागदावर हे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असायला हवेत.

कोर्सियाच्या २०२४ ते २०२६ या टप्प्याची भरपाई कंपन्यांना जानेवारी २०२८ अखेरपर्यंत जमा करायची आहे. पुण्याहून दुबईला गेलेलं विमान त्या हिशेबात नसेल. त्याची गणती १ जानेवारी २०२७ पासूनच्या उड्डाणांपासून सुरू होईल.