वारा नसतानाही जवळ येणाऱ्या तारा

कोराडीच्या वीज केंद्राच्या बाजूला गेलात, तर मोठ्या टॉवरवरच्या तारा जरा निरखून बघा. ४०० केव्हीच्या (किलोव्होल्ट, म्हणजे ४ लाख व्होल्टच्या) लाइनीत एका फेजला, म्हणजे विजेच्या तीन वाटांपैकी एकीला, एकच तार नसते. दोन किंवा जास्त तारा शेजारी-शेजारी धावतात. मधूनमधून त्यांच्यात एक आडवी दांडी अडकवलेली दिसते. हा स्पेसर. वाऱ्यानं तारा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून तो लावतात, हे खरंच. पण मे महिन्याच्या दुपारी झाडाचं पानही हलत नसतं, तेव्हासुद्धा या तारा एकमेकींना ओढत असतात.

शाळेत घोकलेलं 'सजातीय दूर, विजातीय जवळ' इथे उलटं पडतं. एकाच दिशेनं प्रवाह वाहत असेल तर तारा जवळ येतात, उलट दिशांनी असेल तर दूर सरतात. १८२० साली ऑर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानं दाखवलं की प्रवाह सुरू केला की तारेजवळची होकायंत्राची सुई वळते. ही बातमी पॅरिसला पोचली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञानं नुसत्या तारांचा हा खेळ करून दाखवला. चुंबक कुठेच नव्हता! पहिल्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्राची वर्तुळं तयार होतात आणि त्यात सापडलेल्या दुसऱ्या तारेतल्या सरकत्या इलेक्ट्रॉनांना बाजूला रेटा बसतो, एवढंच. आपली वीज एसी, म्हणजे सतत दिशा उलटणारी, असली तरी फरक पडत नाही. दोन्ही तारांतला प्रवाह एकदमच उलटतो, म्हणून ओढ ती ओढच राहते.

ही ओढ किती? दोन तारांत ४५ सेंटिमीटर अंतर आणि प्रत्येकीत ५०० अँपिअर धरले, तर मीटरमागे जेमतेम ११ ग्रॅम वजनाइतकी. तारेचंच वजन मीटरला २ किलोच्या आसपास असतं, तिला त्याचं काय! पण शॉर्टसर्किट होऊन प्रत्येक तारेतून २०,००० अँपिअर गेले, तर प्रवाह ४० पट होतो आणि ओढ ४० गुणिले ४०, म्हणजे १६०० पट. मीटरमागे सुमारे १८ किलो! ब्रेकर (बिघाड होताच वीज आपोआप बंद करणारा स्विच) लाइन तोडेपर्यंतच्या त्या क्षणभरात तारा दणकन एकमेकींकडे झेपावतात आणि तो चिमटा स्पेसरला सोसावा लागतो.

घरच्या कूलरच्या वायरीत मात्र प्रवाह एका तारेनं जातो, दुसरीनं परततो. म्हणून तिथे ढकलाढकली. साधारण १ अँपिअर, तारांत २ मिलिमीटर अंतर: मीटरमागे १० मिलिग्रॅम. प्लास्टिकच्या आवरणाला पत्ताही लागत नाही.