इंग्लंडच्या आडरस्त्यांवरची सायकल: हा निवांतपणा आला कुठून?

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा पन्नास हजारी (१:५०,०००) नकाशा उघडून बसलेला इंग्रज सायकलवाला हिरव्या आणि लाल रस्त्यांकडे बघतही नाही. ते मोटारींचे हमरस्ते. केशरी रस्ता घ्यायचा तोही नाइलाज झाला तरच. त्याचं बोट फिरतं ते पिवळ्या रेघांवरून. त्यातली सगळ्यात बारीक रेघ म्हणजे चार मीटरांहूनही अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना उंच झुडपांचं कुंपण, मधोमध गवताचा पट्टा, आणि समोरून ट्रॅक्टर आला तर कुंपणाला चिकटून उभं राहायचं. आपल्या पाणंदीवर डांबर ओतलं तर असंच काहीसं दिसेल. डेव्हन, डॉर्सेट, हिअरफर्डशर, नॉरफोक, सफोक या परगण्यांत अशा रस्त्यांचं जाळं इतकं दाट आहे, की दिवसभराच्या वाटेत हमरस्ता लागतो तो बहुतेकदा फक्त ओलांडण्यापुरता.

हे जाळं सायकलसाठी कुणीच आखलेलं नाही. काही वाटा मध्ययुगाच्याही आधीच्या आहेत. डॉर्सेटमधल्या मऊ खडकात बैलगाड्यांची चाकं, जनावरांचे खूर आणि पावसाचं पाणी यांनी शतकानुशतकं कोरून काढलेल्या काही वाटा आजूबाजूच्या शेतांपेक्षा कित्येक फूट खाली गेल्या आहेत. मिडलंड्समधले सरळसोट रस्ते मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. संसदेच्या कायद्यांनी गावाची सामाईक जमीन तोडून खासगी शेतं केली, तेव्हा मोजणीदारांनी ते पट्टीनं आखले. दोन कुंपणांमध्ये बहुधा चाळीस फूट जागा सोडायची. म्हणून या रस्त्यांवर डांबर अरुंद आणि गवताच्या कडा ऐसपैस दिसतात. गावकऱ्यांची चराई गेली, त्याच व्यवहारातून आजचा हा देखणा रस्ता उरला, हे सहलींच्या माहितीपत्रकांत सहसा येत नाही.

रस्ते असले तरी ते रिकामे का झाले, हे वेगळं. १८३० च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे हजार टर्नपाइक ट्रस्ट होते. टोल घेऊन साधारण वीस हजार मैल रस्ते तेच सांभाळत, आणि त्यावरून टपालगाड्या आणि घोड्यांच्या बग्ग्या धावत. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या वीसेक वर्षांत लांब पल्ल्याचा हा सगळा धंदा बसला. टोलनाके ओस पडले, रस्त्यावरच्या खानावळींचं गिऱ्हाईक आटलं. शेवटचा ट्रस्ट १८९५ मध्ये गुंडाळला गेला. उंच चाकाच्या सायकली आल्या त्या या रिकाम्या रस्त्यांवर. रेल्वेनं बग्ग्यांचं जे नुकसान केलं, ते सायकलवाल्यांच्या पथ्यावर पडलं.

५ ऑगस्ट १८७८ रोजी यॉर्कशरमधल्या हॅरोगेटला सायकलवाल्यांच्या मेळाव्यात बायसिकल टूरिंग क्लबची स्थापना झाली. १८८३ मध्ये त्याचा सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झाला आणि आज तीच संस्था सायकलिंग यूके या नावानं चालते. या मंडळींनी हौसेला व्यवस्थेची जोड दिली. धोकादायक उतारांच्या माथ्यावर इशाऱ्याच्या पाट्या लावल्या. गावोगावी क्लबचे प्रतिनिधी नेमले. पसंतीच्या हॉटेलांशी दर ठरवून घेतले आणि त्यांच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाची पाटी ठोकली. काही जुन्या इमारतींवर ती अजून दिसते. १८८८ च्या कायद्यानं सायकलला वाहनाचा दर्जा दिला आणि पुढच्याला ओलांडताना घंटी, शिट्टी असं काहीतरी वाजवून इशारा देणं सक्तीचं केलं. सायकल रस्त्यावर हक्कानं चालवता येते, ती याच तरतुदीच्या जोरावर.

त्याच सुमारास यंत्रही बदललं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी रोव्हर सायकल आणली. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपनं हवेचा टायर केला. सायकल आता धाडसी तरुणांपुरती राहिली नाही. १८९९ मध्ये क्लबची सभासदसंख्या साठ हजारांवर गेली.

बायका सायकलवर आल्या आणि खेड्यातल्या खानावळींचीही परीक्षा झाली. ऑक्टोबर १८९८ मध्ये बायकांच्या सुटसुटीत पोशाखासाठी चळवळ करणाऱ्या लेडी हार्बरटन सायकलवरून सरेमधल्या ऑकमच्या हॉटबॉय हॉटेलात जेवायला थांबल्या. पायघोळ झग्याऐवजी अंगात सैल विजार. हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्यांना कॉफीरूममध्ये बसू दिलं नाही. जेवायचं तर दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या खोलीत बसा, म्हणाल्या. क्लबनं लेडीबाईंच्या बाजूनं खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला. जेवण नाकारलंच नव्हतं, खोली तेवढी वेगळी दिली, हा बचाव ज्यूरीला पटला. निकाल काहीही लागो, पण सायकलवाल्यांना जेवू घालणं हा एव्हाना खेड्यातला चांगला धंदा झाला होता. जवळच्याच रिप्ली गावातल्या अँकर खानावळीत रविवारी लंडनकरांची झुंबड उडायची.

मध्यमवर्गाची हौस कामगारांपर्यंत पोचली तीही याच दशकात. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमला क्लॅरियन सायकलिंग क्लब निघाला. समाजवादी वृत्तपत्रावरून नाव घेतलेला. आठवडाभर गिरणीत राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून पत्रकं वाटत खेडी पालथी घालायची. लँकेशरमध्ये रफलीजवळ त्याच चळवळीतलं एक चहाघर आजही चालतं. १९३० मध्ये युथ होस्टेल संघटना आली आणि कमी पैशांत मुक्कामाची सोय झाली. खिशात बार्थोलोम्यू कंपनीचा, मैलाला अर्धा इंच प्रमाणाचा नकाशा असायचा. सखल भाग हिरवा, उंच भाग तपकिरी, त्यामुळे चढ कुठे लागणार ते एका नजरेत कळे. त्या नकाशांतली रस्त्यांची माहिती सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबचे सभासद दुरुस्त करून पाठवत.

मोटारींनी हा आयता मिळालेला निवांतपणा घालवायला सुरुवात केली होती. १९३० च्या कायद्यानं मोटारींवरची वेगमर्यादाच उठवली. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. त्याच वर्षी लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सायकलींसाठी वेगळा मार्ग बांधला, आणि त्याला कडाडून विरोध केला तो सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबनं. आज बाजूला मार्ग देतील, उद्या रस्त्यावरून हाकलतील, ही त्यांची भीती. मला ती अगदीच अनाठायी वाटत नाही, पण त्या हट्टाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. नेदरलँड्सनं सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले, तसं इंग्लंडनं केलं नाही आणि सायकलवाला आपणहून आडरस्त्यांकडे वळला.

मग युद्ध आलं. १९४० मध्ये शत्रूचं सैन्य उतरलंच तर त्याला वाट सापडू नये म्हणून गावोगावच्या दिशादर्शक पाट्या उपटून काढल्या. पेट्रोलवर रेशन आलं आणि ते मे १९५० पर्यंत राहिलं. रस्ते पुन्हा रिकामे झाले. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये सायकलींनी मिळून सुमारे चोवीस अब्ज किलोमीटर अंतर कापलं, आजवर नोंदवला गेलेला उच्चांक. १९७३ पर्यंत हा आकडा चार अब्जांच्याही खाली गेला. ज्यांना डांबरी रस्ताही नकोसा झाला, त्यांनी १९५५ मध्ये रफ स्टफ फेलोशिप काढली आणि सायकली खांद्यावर घेऊन डोंगरवाटा धरल्या. घोड्यांच्या पायवाटांवर सायकल नेण्याचा कायदेशीर हक्क मात्र १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टनं मिळाला. चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची, ही अट.

बग्ग्यांना संपवणाऱ्या रेल्वेवरही पाळी आली. १९६३ च्या बीचिंग अहवालानं दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करायला सांगितलं. रूळ उखडले, पण भराव, पूल आणि बोगदे तसेच राहिले, आणि रेल्वेचा चढ तर नेहमीच सौम्य. १९७७ मध्ये ब्रिस्टलला जमलेल्या सायकलबॅग या गटानं बाथकडे जाणाऱ्या बंद मार्गावर स्वयंसेवकांकरवी वाट बांधायला घेतली. त्यातूनच जॉन ग्रिमशॉ यांची सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली. १९९४ मध्ये कंब्रियाच्या किनाऱ्यापासून उत्तर समुद्रापर्यंतचा सी-टू-सी मार्ग खुला झाला. १९९५ मध्ये मिलेनियम कमिशननं लॉटरीच्या पैशातून सस्ट्रान्सला सव्वाचार कोटी पौंडांहून जास्त निधी दिला आणि २००० मध्ये नॅशनल सायकल नेटवर्कचे पहिले पाच हजार मैल जाहीर झाले. त्यातला मोठा भाग होता तो साध्या, कमी रहदारीच्या रस्त्यांचाच. लाल चौकटीत आकडा असलेली छोटी निळी पाटी लावली, की रस्ता नेटवर्कमध्ये.

२००० च्याच वाहतूक कायद्यानं स्थानिक प्रशासनाला एखादा रस्ता ‘क्वायट लेन’ (शांत रस्ता) म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. नॉरफोक आणि केंटमध्ये आधी प्रयोग झाले होते. हिरवी पाटी लागते, पण नुसत्या पाटीनं वेगमर्यादा खाली येत नाही, त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागतो. तो नसेल तर गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावरही कायद्यानं ताशी साठ मैलांची मुभा आहे. त्यात मोबाइलवरचा नकाशा हमरस्त्यावर तुंबलेल्या मोटारींना याच वाटा दाखवतो.

सस्ट्रान्सनं २०१८ मध्ये स्वतःच्याच नेटवर्कचा आढावा घेतला. १६,५७५ मैलांपैकी जवळपास निम्मी लांबी निकृष्ट निघाली. बऱ्याच जागी कारण एकच, रहदारी आणि तिचा वेग. २०२० मध्ये जवळजवळ एक चतुर्थांश नेटवर्क नकाशावरून काढलं किंवा त्याचा दर्जा बदलला. मोटारींपासून मुक्त वाटा २०४० पर्यंत दुप्पट करून दहा हजार मैलांवर न्यायचं तर २०१८ च्या आढाव्यातच ठरलं होतं. गंमत म्हणजे २०२० च्याच वसंतात, टाळेबंदीत, काढून टाकलेल्या त्या रस्त्यांवर मोटारी दिसेनाशा झाल्या होत्या आणि सायकलींची दुकानं गिऱ्हाइकांना पुरी पडत नव्हती.