सिंथेसायझरमधील स्वरचित ध्वनींचा बॅकअप

डिजिटल सिंथेसायझरच्या स्मृतीत वादकाने स्वतः घडवून साठवलेल्या ध्वनींची, म्हणजेच पॅचची, प्रत वाद्याबाहेर जपून ठेवण्याची आणि गरज पडेल तेव्हा ती पुन्हा वाद्यात भरण्याची पद्धत. या प्रतीत ऐकू येणारा नाद नसतो. ऑसिलेटर (मूळ कंपन निर्माण करणारा), फिल्टर (नादातील काही वारंवारता गाळणारा), एन्व्हलप (नादाचा चढउतार ठरवणारा), मॉड्युलेशन (एका घटकाने दुसऱ्यात घडवलेला बदल) इत्यादी घटकांची संख्यामूल्ये तेवढी तीत असतात आणि त्यांवरून नाद दर वेळी वाद्यच नव्याने निर्माण करते. त्यामुळे एका वाद्याचा बॅकअप सामान्यतः त्याच मॉडेलच्या किंवा त्याच्याशी मुद्दाम सुसंगत ठेवलेल्या वाद्यातच उपयोगी पडतो, आणि पॅचचे ध्वनिमुद्रण कितीही चांगले असले तरी ते बॅकअपची जागा घेऊ शकत नाही.

इतिहास : १९७० मध्ये बाजारात आलेल्या मिनिमूगसारख्या वाद्यांना स्मृती नव्हती. पटलावरील खुंट्यांच्या जागा छापील तक्त्यावर पेन्सिलीने खुणा करून टिपणे एवढाच जपणुकीचा मार्ग होता. ध्वनी पुन्हा मिळवता येणारे पहिले वाद्य कोणते, याविषयी एकमत नाही आणि मतभेदाचे मूळ बहुधा व्याख्येत आहे. ओबरहाइम कंपनीने साधारण १९७६ च्या सुमारास आपल्या बहुस्वरी वाद्यांना जोडलेला प्रोग्रॅमर हा साठवणीचा उपघटक १६ ध्वनी साठवू शकत असे. तथापि पटलावरील सर्व मूल्ये त्यात साठत नसत, काही खुंट्या वादकाला हातानेच जागेवर आणाव्या लागत. यामाहाच्या सीएस-८० (१९७७) या वाद्यात झडपेखाली छोट्या सरकपट्ट्यांचे चार संच होते व प्रत्येक संचात एक ध्वनी लावून ठेवता येई. याला स्मृती म्हणावे की पटलाच्या चार लघुप्रती, हा प्रश्न उरतो. सिक्वेन्शियल सर्किट्सच्या प्रॉफेट-५ (१९७८) मध्ये सूक्ष्मप्रक्रियकाच्या (मायक्रोप्रोसेसरच्या) साहाय्याने ध्वनीची मूल्ये अंकरूपात ४० स्थानांत साठवली जात. या वाद्याचे ध्वनिनिर्माण अनुरूप (अ‍ॅनालॉग) पद्धतीचे असले, तरी पॅच म्हणजे अंकांचा संच ही आजची कल्पना त्याच्यापासून रूढ झाली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वाद्याबाहेर प्रत ठेवण्याचा आरंभ हा वेगळा प्रश्न आहे. फेअरलाइट सीएमआय (१९७९) हे संगणकाधारित वाद्य आपली सामग्री ८ इंची फ्लॉपीवर ठेवी, परंतु तेथे फ्लॉपी हीच मूळ साठवण होती. त्याला आजच्या अर्थाने बॅकअप म्हणणे कठीण आहे. सर्वसामान्य वादकाच्या हाती ही सोय आली ती कॅसेट टेपमुळे. रोलंडच्या जुनो-६० (१९८२) मधील ५६ आणि जुनो-१०६ (१९८४) मधील १२८ पॅच साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवता येत. अंकीय माहिती दोन भिन्न वारंवारतांच्या स्वरांत रूपांतरित होऊन टेपवर मुद्रित होई. ऐकताना ती कर्कश किरकिर वाटे. आवाजाची पातळी थोडी कमीअधिक झाली तरी वाचन फसे. म्हणून सेव्ह आणि लोड यांच्या जोडीला व्हेरिफाय (टेपवरील प्रत स्मृतीशी ताडून पाहणे) ही तिसरी क्रिया दिलेली असे आणि अनुभवी वादक ती सहसा टाळत नसत.

बॅटरी व स्मृती : १९८० च्या दशकातील बहुतेक वाद्यांत पॅच स्थिर (स्टॅटिक) रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच माहिती धरणाऱ्या स्मृतीत, असत आणि वाद्य बंद असताना ही रॅम ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर टिकून राही. बॅटरी क्षीण झाली की पॅच एकेक करून जात नाहीत. बहुधा सर्वच एकदम नष्ट होतात किंवा त्यांच्या जागी निरर्थक मूल्ये दिसू लागतात. बॅटरी मंडळपट्टीला (सर्किट बोर्डला) डाख दिलेली असल्यास ती बदलताना विद्युत्‌पुरवठा तुटतोच, म्हणून बदलण्यापूर्वी प्रत घेणे अपरिहार्य ठरते. नंतरच्या काळात विजेशिवाय माहिती टिकवणारी फ्लॅश स्मृती आल्याने बॅटरीचे भय गेले. मात्र फॅक्टरी रीसेट आणि अंतर्गत प्रणालीचे काही अद्ययावतीकरण वादकाची स्थाने पुसून टाकते, त्यामुळे बॅकअपची गरज संपलेली नाही. संपादन चालू असलेला पॅच बफर या तात्पुरत्या साठवणीत असतो आणि राइट किंवा स्टोअर केल्याशिवाय तो स्थानात जात नाही, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते. संपूर्ण बँकेची, म्हणजे स्थानांच्या पूर्ण संचाची, प्रत घेतली तरी बफरमधील असा न साठवलेला पॅच तीत येत नाही.

सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह संदेश : १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी या, इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परस्परांशी जोडणाऱ्या, मानकात प्रत्येक उत्पादकाला स्वतःच्या माहितीसाठी राखून ठेवलेला संदेशप्रकार आहे, व्यवहारात त्याला सिसएक्स म्हणतात. संदेशाचा पहिला बाइट दशमान पद्धतीत २४० आणि शेवटचा २४७ असतो. पहिल्यानंतर उत्पादकाचा क्रमांक येतो (रोलंड ६५, कॉर्ग ६६, यामाहा ६७, कॅसिओ ६८) आणि पुढील मजकुराचा अर्थ तो उत्पादकच ठरवतो. मधल्या कोणत्याही बाइटचे मूल्य १२७ पेक्षा जास्त असू शकत नाही. या बंधनामुळे आठ बिटांची माहिती जशीच्या तशी पाठवता येत नाही. कॉर्गने एम१ (१९८८) सारख्या वाद्यांत सात बाइटांचे वरचे बिट काढून ते एका जादा बाइटमध्ये एकत्र पाठवण्याची रीत स्वीकारली, तर कॅसिओच्या सीझेड मालिकेत प्रत्येक बाइटचे दोन अर्धे करून पाठवले जात. परिणामी १२८ बाइटांचा पॅच तारेवर २५६ बाइटांचा होई. पहिली रीत काटकसरीची आहे, पण फाइल उघडून तपासणाऱ्यास दुसरी वाचायला सोपी जाते.

यामाहा डीएक्स७ (१९८३) च्या ३२ ध्वनींचा सिसएक्स संदेश नमुना म्हणून पाहता येईल. पहिल्या मिडी चॅनेलवर त्याचा आरंभ २४०, ६७, ०, ९, ३२, ० असा होतो. यांतील ९ हा आकडा ३२ ध्वनींची पूर्ण बँक येत असल्याचे सांगतो. शेवटचे दोन आकडे मिळून माहितीची लांबी होते, ती ३२ × १२८ + ० म्हणजे ४०९६ बाइट. प्रत्येक ध्वनीला १२८ बाइट मिळतात आणि त्यांतील अखेरचे १० नावाची अक्षरे असतात. माहितीनंतर पडताळणीचा एक बाइट येतो. माहितीच्या सर्व बाइटांची बेरीज आणि हा बाइट मिळून येणाऱ्या संख्येला १२८ ने निःशेष भाग गेला पाहिजे. सहा बाइटांचे शीर्ष, माहिती, पडताळणी आणि समाप्ती मिळून ४१०४ बाइट होतात. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे आणि प्रत्येक बाइटसाठी १० बिट खर्ची पडतात, म्हणजे ही बँक सुमारे १.३ सेकंदांत उतरते. फाइल ४१०४ बाइटांची नसेल तर ती अपुरी आहे किंवा तीत दुसरेच काही मिसळले आहे, एवढे निदान फाइल उघडण्याआधीच करता येते.

पडताळणीच्या बाइटवर मात्र फार विसंबू नये. साधी बेरीज दोन बाइटांची अदलाबदल ओळखत नाही. लागोपाठ दोन प्रती घेऊन त्या संगणकावर बाइटगणिक ताडून पाहणे हा अधिक विश्वसनीय उपाय आहे. संदेश उतरवण्यासाठी विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर सिसएक्स लायब्रेरियन हे प्रोग्रॅम प्रचलित आहेत. प्रत परत भरताना अडचणी जास्त येतात. जुन्या वाद्यांचा संदेश स्वीकारणारा बफर लहान असल्याने एकामागून एक येणारे संदेश तो पचवू शकत नाही आणि दोन संदेशांत काही मिलिसेकंदांचा विराम द्यावा लागतो. काही स्वस्त यूएसबी-मिडी जोडण्या तर लांब संदेश मध्येच तोडतात. याशिवाय वाद्याचे स्मृतिसंरक्षण चालू असल्यास आलेली माहिती नाकारली जाते. डीएक्स७ मध्ये हे संरक्षण काढावे लागतेच, शिवाय सिसएक्स देवाणघेवाणीची परवानगीही वेगळी द्यावी लागते.

परस्परसंदर्भ : अनेक पॅच एकत्र वाजवणाऱ्या रचनेला उत्पादकांनुसार परफॉर्मन्स, कॉम्बिनेशन किंवा मल्टी म्हणतात. अशा रचनेत बहुसंख्य वाद्यांत पॅच स्वतः नसतात, केवळ त्यांचे बँक व स्थानक्रमांक असतात. एखादी रचना अ बँकेतील ३५ व्या स्थानाकडे बोट दाखवत असेल आणि वादकाने पुढे तेथे दुसरा पॅच साठवला असेल, तर ती रचना बॅकअपमधून बिनचूक परत येऊनही वेगळीच वाजते. केवळ आवडीचे पॅच सुटे जपणाऱ्या वादकांची येथेच फसगत होते. पॅच, रचना, ड्रम किट आणि वाद्याची सर्वसाधारण जुळणी यांची एकाच वेळी घेतलेली संपूर्ण प्रत हीच मूळ मानावी आणि सुट्या प्रती सोयीपुरत्या ठेवाव्यात, हे मत अधिक ग्राह्य आहे.

कार्ड, फ्लॉपी व फाइल : रॅम कार्ट्रिज आणि कार्डे हाताळायला सोपी होती, पण त्यांतही बहुधा बॅटरीच असे. फ्लॉपीवरील सामग्री पुष्कळदा उत्पादकाच्या स्वतंत्र स्वरूपात असल्याने ती साध्या संगणकावर वाचता येत नाही. पुढे स्मार्टमीडिया, कॉम्पॅक्टफ्लॅश आणि यूएसबी आले. यांपैकी स्मार्टमीडियाची क्षमता १२८ मेगाबाइटपुढे गेली नाही आणि तिचे उत्पादनही थांबले, म्हणून तिच्यावरील प्रती संगणकावर हलवणे श्रेयस्कर. अलीकडची वाद्ये एकाच फाइलमध्ये सर्व सामग्री ठेवतात (उदा., कॉर्गची पीसीजी फाइल), परंतु त्या फाइलचे स्वरूप उत्पादकापुरते मर्यादित असते. दीर्घकालीन जपणुकीसाठी जेथे शक्य असेल तेथे सिसएक्स प्रतही ठेवावी, कारण तिची रचना पुस्तिकांत छापलेली असते आणि मूळ वाद्य नसतानाही तिचा अर्थ लावता येतो. डीएक्स७ च्या बँका वाचणारे डेक्स्ड हे मुक्त सॉफ्टवेअर याचे उदाहरण होय.

सँपलवर, म्हणजे मुद्रित ध्वनीच्या तुकड्यावर, आधारित पॅच हा वेगळा प्रकार आहे. वादकाने स्वतः मुद्रित केलेला सँपल पॅचच्या मूल्यांत नसतो; कॉर्गच्या पीसीजी फाइलमध्येही तो नसतो, तो वेगळा साठवावा लागतो. मिडीवरून सँपल पाठवण्याचे एक सर्वसामान्य मानक आहे, पण त्यात १२७ बाइटांच्या प्रत्येक पुडक्यात १६ बिटांचे ४० नमुनेच (ध्वनिलहरीची क्षणोक्षणीची मूल्ये) मावतात. ४४,१०० हर्ट्‌झ दराच्या एका सेकंदाच्या एकपदरी (मोनो) ध्वनीसाठी अशी ११०३ पुडकी लागतात आणि त्यांना सुमारे ४५ सेकंद लागतात. यामुळे सँपलांसाठी डिस्क किंवा कार्ड हाच व्यवहार्य मार्ग राहिला.